बी आणि डोळा : वनस्पतींची वाढ व वंशवृद्धी यांविषयी

वनस्पतींच्या वाढीविषयी आणि वंशवृद्धीविषयी जे प्रश्न शेतात, परसात आणि भाजीबाजारात सहज विचारले जातात, ते वरवर पाहता एकमेकांपासून अगदी तुटक वाटतात. हापूसची कोय रुजवली तर हापूसच का येत नाही, केळ्यात बी नसताना केळीच्या बागा कशा वाढतात, पपईची काही झाडे भरभरून फुलूनही फळ का धरत नाहीत, चाळीत साठवलेला कांदा मातीपाण्यावाचून कोंब कसा काढतो, उंबराला फूल दिसत नसताना फळ कोठून येते, या प्रश्नांना बहुधा एकेका ओळीत उत्तर दिले जाते आणि विषय तेथेच थांबतो. परंतु ही कोडी एकत्र ठेवून पाहिली, तर त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे असे दिसते. प्राण्यांमध्ये वाढ आणि पुनरुत्पादन या दोन क्रिया जितक्या वेगळ्या असतात तितक्या त्या वनस्पतींमध्ये नसतात. जो कोंब फांदी लांबवतो तोच पुढे फूल होऊ शकतो आणि झाडापासून वेगळा करून मातीत लावला तर तोच नवे झाडही होऊ शकतो. जन्म, वय, आईबाप आणि मृत्यू या प्राण्यांवरून घेतलेल्या कल्पना झाडांना जशाच्या तशा लावल्या की कोडी पडू लागतात. ती सोडवायची तर झाडाकडे झाडाच्याच बाजूने पाहावे लागते.

प्रारंभ वाढीपासून करणे सोयीचे आहे. प्राण्याचे शरीर सर्व भागांत थोडेथोडे वाढते आणि ठरावीक वयानंतर त्याची वाढ थांबते. झाडाची वाढ मात्र मोजक्या ठिकाणीच होते, पण त्या ठिकाणी ती आयुष्यभर चालू राहते. फांदीच्या शेंड्यात, मुळाच्या टोकात आणि पानांच्या बगलेतील डोळ्यांत सतत विभागत राहणाऱ्या पेशींचे लहानसे पुंजके असतात. त्यांना विभाजी ऊती म्हणतात. या पेशी गर्भावस्थेतील पेशींसारख्याच कोवळ्या राहतात, आणि शंभर वर्षांच्या वडाच्या शेंड्यातही त्या तशाच ताज्या असतात. खोडात छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा वीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर सापडतो, याचे कारण हेच की झाड वर जाते ते शेंड्याकडून, आणि खालचे खोड फक्त जाड होत राहते. हे जाड होणे सालीच्या आतील एका पातळ विभाजी थरामुळे घडते. ऊतककर या नावाने ओळखला जाणारा हा थर आतील बाजूला लाकूड आणि बाहेरील बाजूला अन्न वाहून नेणारी रसवाहिनी तयार करतो, आणि वर्षे लोटली की ठोकलेला खिळा हळूहळू गिळूनही टाकतो.

नारळ, बांबू आणि गवत यांच्या खोडात मात्र असा थर नसतो, आणि या तिघांचे वाढीतील वागणेही वेगळे पडते. नारळाला एकच शेंडा असतो. गेंड्या भुंग्याने किंवा सोंड्या भुंग्याने तो आतून पोखरला तर बगलेतून दुसरी फांदी येऊन झाड सावरत नाही, ते मरते. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते, तो काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि त्यानंतर तो कठीण होतो पण जाड होत नाही. गवताची वाढणारी जागा पात्याच्या टोकाला नसून बुडाशी आणि पेरांपाशी असते, म्हणून जनावरांनी चरलेले किंवा विळ्याने कापलेले गवत पुन्हा वाढते. कापला गेलेला भाग हा आधीच वाढून झालेला भाग असतो. पृथ्वीवरील विस्तीर्ण कुरणे आणि त्यांवर जगणारी गुरे यांचे सहजीवन पात्याच्या बुडाशी असलेल्या या इवल्या पट्ट्यावर उभे आहे.

शेंड्याचा अधिकार हाही याच प्रकरणातला भाग आहे. वाढता शेंडा ऑक्झिन नावाचे संप्रेरक, म्हणजे अल्प प्रमाणात राहून वाढीचे नियमन करणारे द्रव्य, खाली पाठवतो आणि त्याच्या प्रभावाने बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटवे धरते आणि घाटे वाढतात, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत; चार्ल्स डार्विनने १८८० साली कोवळ्या कोंबाच्या टोकाकडून खालच्या भागाकडे काही संदेश जात असावा असे प्रयोगांनी दाखवले आणि १९२०च्या दशकात फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने तो संदेश द्रव्यरूप असल्याचे सिद्ध केले. खुडणाऱ्या हातांनी जे व्यवहारात साधले होते, त्याचे कारण विज्ञानाने नंतर शोधले. वनस्पतिशास्त्रात हा क्रम वारंवार आढळतो, आणि म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न अडाणी समजून बाजूला सारणे हे शास्त्राच्याच नुकसानीचे आहे.

डोळा हा शब्द शेतीत जिथे जिथे वापरला जातो, तिथे तिथे त्याच्या मागे विभाजी ऊती असते. उसाच्या टिपरीवर पेरापाशी डोळा असतो. एक डोळ्याची किंवा दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी लावली की तो फुटतो आणि ऊस उभा राहतो. तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्याचे डोळे फुटून खोडवा येतो. बटाटा हे जमिनीखालचे खोड असल्याने त्यालाही डोळे असतात, तर रताळे हे मूळ असल्याने त्याची लागवड बहुधा वेलाच्या तुकड्यांनी होते. हळदीचे जेठे गड्डे आणि बगल गड्डे, आल्याचे कंद, केळीच्या बुंध्याशी येणारे मुनवे, लसणाच्या पाकळ्या, या सर्वांमध्ये झाडाने आपल्या देहाचाच एक भाग नवे झाड होण्यासाठी तयार ठेवलेला असतो. कांद्याचा खाण्याजोगा भाग म्हणजे अन्न साठवलेले पानांचे तळ होत आणि त्यांच्या बुडाची चपटी तबकडी हेच त्याचे खोड होय. त्या खोडाच्या मध्यावरील शेंडा विश्रांती संपताच साठवणीवर जगून कोंब काढतो, त्याला मातीची तूर्त गरज नसते. पानफुटीने तर पानाच्या कडेच्या खाचांतही असे डोळे राखले आहेत, आणि गळून पडलेल्या एकाच पानातून रोपांची रांग उगवते.

अशा वाढीला शाखीय अभिवृद्धी म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकांत तिला फुलांच्या प्रकरणानंतर थोडी जागा मिळते आणि ती पुनरुत्पादनाचा एक गौण प्रकार आहे असा समज होतो. महाराष्ट्राच्या शेतीकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. ऊस, केळी, द्राक्ष, डाळिंब, संत्रे, आंबा, हळद आणि आले ही राज्यातील नगदी पिके बियांवर उभी नाहीत; ती टिपरी, मुनवा, छाट, गुटी, डोळा, कलम आणि कंद यांवर उभी आहेत. ज्वारी, बाजरी, तूर, सोयाबीन आणि कापूस यांची शेती बियांची आहे. या दोन शेतींतील फरक पेरण्याच्या पद्धतीपुरता नसून वारशाचा आहे, आणि तो समजण्यासाठी बी म्हणजे काय हे नीट पाहावे लागते.

फुलांमध्ये नर आणि मादी भाग असतात, आणि परागाशिवाय बी धरत नाही, ही गोष्ट आज सर्वांना इतकी परिचित आहे की ती कधी सिद्ध करावी लागली असेल असे वाटत नाही. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील रुडॉल्फ कामेरारियस याने १६९४ साली ती प्रयोगांनी मांडली. एरंडाच्या झाडावरील नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकली तर मादीफुलांत रुजणारे बी तयार होत नाही, आणि नरझाडांपासून दूर ठेवलेल्या तुतीची फळे पोकळ निघतात, हे त्याने दाखवले. त्यापूर्वी पराग हा फुलाने टाकून दिलेला मळ असावा असेही मानले जात असे. भारतातील शाळांमध्ये फुलाचे भाग शिकवताना बहुधा जास्वंद घेतली जाते, कारण तिचे पुंकेसर आणि कुक्षी मोठे व सुटे दिसतात. परंतु बागेतील जास्वंद बहुधा बी धरत नाही, तिची रोपे फांदीच्या छाटावरून केली जातात आणि अनेक पाकळ्यांच्या वाणांत तर पुंकेसरच पाकळ्यांमध्ये बदललेले असतात. फुलाचे काम बी तयार करणे हे असल्याचे ज्या फुलावरून सांगितले जाते, ते फूलच बहुधा ते काम करत नाही, ही बाब विद्यार्थ्याला त्याच तासाला सांगितली तर त्याच्या मनात उरणारा प्रश्न पुढील अभ्यासाला अधिक उपयोगी पडेल.

पपईमध्ये नर व मादी झाडे वेगळी असू शकतात आणि काही वाणांमध्ये उभयलिंगी झाडेही असतात. बी पेरताना लिंग ओळखता येत नाही, म्हणून जुन्या पद्धतीत एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नरझाडे काढून टाकतात आणि परागासाठी मोजकीच ठेवतात. उभयलिंगी पपईच्या बियांतून मात्र मादी आणि उभयलिंगी अशीच झाडे निघतात, नर निघत नाहीत; तैवानचे रेड लेडी हे वाण शेतकऱ्यांना पसंत पडले त्याचे हे एक कारण आहे. कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत लावल्या जाणाऱ्या जायफळाची अडचण अधिक मोठी होती, कारण बियांपासूनच्या झाडाचे लिंग कळायला पाच-सहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात आणि मग निम्मी झाडे नर निघतात. मादीझाडाच्या फांदीचे कलम बांधले की हा प्रश्नच उरत नाही, कारण कलम हे त्या मादीझाडाचेच पुढे चालू राहिलेले शरीर असते.

उंबराचे फूल पाहायला मिळणे हे मराठीत दुर्मीळतेचे उदाहरण झाले आहे, परंतु उंबराचे ज्याला फळ म्हणतात ते कोवळे असताना फोडले तर आत शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली दिसतात. ती गोल पिशवी म्हणजे आतल्या बाजूला फुले असलेला पुष्पविन्यास, अर्थात फुलांची मांडणी होय. तिच्या टोकाशी असलेल्या चिंचोळ्या वाटेने चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख गळून पडतात, ती अंगावर आणलेला पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. त्या अंड्यांतून निघालेले पंखहीन नर माद्यांशी मीलन करून बाहेर जाण्याची वाट कोरतात, आणि पंख असलेल्या माद्या नव्याने पिकलेला पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या जातींनुसार या माश्यांच्याही जाती वेगवेगळ्या असतात. अंजीर त्याच कुळातील आहे. तुर्कस्तानातील स्मर्ना जातीचे अंजीर कॅलिफोर्नियात नेले गेले तेव्हा झाडे वाढली पण फळे टिकेनात, आणि १८९९च्या सुमारास ही माशी तेथे स्थिरावल्यानंतरच ती धरू लागली. पुरंदर भागातील अंजिराला माशीची गरज लागत नाही, कारण ते परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या प्रकारातील आहे.

परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक नळी बीजांडापर्यंत उतरते आणि तिच्यातून दोन नरयुग्मके, म्हणजे वारसा वाहणाऱ्या दोन नरपेशी, आत पोहोचतात. त्यांपैकी एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण तयार होतो, हे आधीपासून माहीत होते. दुसरी काय करते हे सर्गेई नवाशिन याने १८९८ साली कीव्ह येथे लिलीच्या कुळातील वनस्पतींवर काम करताना दाखवले. ती बीजांडातील दोन केंद्रकांशी मिळते आणि त्या मीलनातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी, तयार होते. गहू, तांदूळ, ज्वारी आणि मका यांतून माणूस जे पीठ किंवा भात खातो, ते मुख्यतः या दुसऱ्या मीलनाचे फळ आहे. मानवी संस्कृतीचे अन्न वनस्पतींनी स्वतःच्या गर्भासाठी साठवलेले आहे, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी जुनी होत नाही.

नारळात हीच शिदोरी दोन रूपांत दिसते. शहाळ्यातील पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष असतो, त्यात केंद्रके असतात पण त्यांच्याभोवती पेशींच्या भिंती उभारलेल्या नसतात. साधारण सहाव्या महिन्यापासून भिंती तयार होऊन कवटीच्या आतल्या बाजूला खोबऱ्याचा मऊ थर धरू लागतो आणि वर्षभरात नारळ तयार होतो. कवटीवरील तीन डोळे या फुलाच्या तीन कप्प्यांची खूण आहेत. दोन कप्प्यांतील बीजांडे मागे पडतात, आणि एकाच मऊ डोळ्याखाली सुपारीहूनही लहान भ्रूण असतो. नारळ रुजला की भ्रूणाचा एक भाग कवटीच्या आत वाढून पांढऱ्या, गोड, स्पंजासारख्या गोळ्याचे रूप घेतो आणि खोबऱ्यातील अन्न शोषून कोंबाला पुरवतो. मोड आलेला नारळ फोडल्यावर मुले ज्या गोळ्यावर तुटून पडतात तो हाच. नारळाच्या पाण्याचे वाढीला चालना देणारे गुण ओळखून १९४१ साली अमेरिकेत धोतऱ्याचे अपरिपक्व भ्रूण काचपात्रात वाढवताना ते वापरले गेले, आणि एफ. सी. स्टुअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली नारळाच्या पाण्याच्या साह्याने गाजराच्या मुळातील सुट्या पेशींपासून संपूर्ण झाड निर्माण करून दाखवले. झाडाच्या साध्या पेशीतही संपूर्ण झाड होण्याची क्षमता असते, हे त्यातून निर्विवाद ठरले. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ साली धोतऱ्याच्या परागकोशापासून, म्हणजे केवळ नराच्या बाजूच्या वारशापासून, रोपे मिळवली आणि ते काम जगभर अभ्यासले गेले. जळगाव भागात केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांच्या ज्या बागा उभ्या आहेत, त्यांच्यामागे हीच परंपरा आहे.

आता हापूसच्या कोयीकडे वळता येईल. कोयीतील भ्रूण दोन वारशांच्या मिश्रणातून तयार होतो. आई हापूस असली तरी बाप बहुधा आसपासचे कोणतेही दुसरे झाड असते, आणि खुद्द हापूसचा वारसाही आतून मिश्र असल्याने प्रत्येक कोयीत त्याची वाटणी निराळी होते. म्हणून हापूसच्या शंभर कोया रुजवल्या तर शंभर वेगळी झाडे मिळतात. अशा, बियांपासून वाढलेल्या आंब्याला रायवळ म्हणतात, आणि गावोगावच्या रायवळांना चव, आकार किंवा जागेवरून जी नावे पडली, ती प्रत्येक झाड ही एक स्वतंत्र व्यक्ती असल्याची लोकांनी घेतलेली नोंद होती. याच रायवळांतून कधीतरी चांगले निघालेले एखादे झाड टिकवण्याचा मार्ग म्हणजे कलम. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे आणि फांदीपासून झाडे लावण्याची चर्चाही त्यात आहे. पुढे पोर्तुगीज अमलात गोव्यात आंब्याच्या कलमांचा विशेष प्रसार झाला आणि किनाऱ्यावरचे अनेक नामांकित आंबे त्यातून स्थिरावले. भेट कलमात दोन जिवंत फांद्या एकमेकींना बांधतात, कोय कलमात नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या दांड्यावर काडी बसवतात. दोन्हींमध्ये यश यायचे तर दोघांचे ऊतककर एकमेकांना भिडावे लागतात. जुळल्यानंतरही खुंट खुंटच राहतो आणि काडी काडीच राहते, त्यांचा वारसा मिसळत नाही. रत्नागिरी आणि देवगडच्या कलमांवरील हापूस म्हणजे फार पूर्वीच्या मूळ झाडांचाच, निरनिराळ्या मुळांवर पुढे चालत आलेला देह होय. त्या देहाचे वय विचारायचे तर बांधलेल्या कलमाचे वय सांगून भागत नाही.

आंब्याच्याच जातीत याला अपवादही आहे. केरळ किनाऱ्यावरील ओलूर, चंद्रकरण यांसारख्या आंब्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात, आणि त्यांतील बहुतेक रोपे मीलनातून नव्हे तर बीजांडातील आईच्या ऊतीपासून थेट तयार झालेली असतात. त्यामुळे ती आईसारखीच निघतात. याला बहुभ्रूणता म्हणतात. विदर्भातील संत्र्याचा डोळा ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, तिच्या बियांतही हाच प्रकार असतो. जंबेरीची रोपे एकसारखी निघावीत म्हणून रोपवाटिकेत खुरटी आणि वेगळी दिसणारी रोपे काढून टाकतात, आणि बहुधा मीलनातून आलेली रोपेच अशी वगळली जातात. बी असूनही ते कलमासारखे वागते, हा वनस्पतिसृष्टीतील फार मोठा चमत्कार आहे.

मीलनातून येणारे वेगळेपण बागायतदाराला नकोसे असले तरी नवे वाण शोधणाऱ्याला तेच हवे असते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेला रत्ना आंबा १९८१ साली प्रसारित झाला, आणि हापूसला सतावणारा साका, म्हणजे पिकलेल्या गरातील पांढुरका, पोकळ दोष, त्यात नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत लागवडीचा ऊस आणि कांस हे रानगवत यांचा संकर करून को २०५ हे वाण १९१८ साली बाहेर पडले. तेथे उसाला तुरा येतो आणि बी धरते, म्हणून हे काम तेथे शक्य झाले. एकदा मिळालेला उत्तम संकर टिपरीने किंवा कलमाने कितीही वर्षे तसाच राखता येतो. ज्वारी आणि कापूस यांच्याबाबत ही सोय नाही. देशात संकरित ज्वारी १९६४ साली आणि संकरित कापूस १९७० साली आला. या पिकांची पहिली पिढी जोमदार येते, परंतु तिच्या बियांत वारसा पुन्हा विस्कटतो आणि दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे राहत नाही, म्हणून बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. सोयाबीनचे फूल मात्र उमलण्याआधीच स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे सरळ वाणाचे घरचे बियाणे पुढील पेरणीला चालते, फक्त उगवणक्षमता तपासून घ्यावी लागते. संकरित बियाण्याच्या किमतीवरून होणाऱ्या वादांत बियाण्यातील वारशाची ही बाजू क्वचितच समजावून सांगितली जाते, आणि ती शेतकऱ्याला सांगणे हे कृषिशिक्षणाचे पहिले काम असायला हवे.

बी नसलेल्या फळांचीही एकच कथा नाही. लागवडीच्या केळ्यात परागीभवनाशिवायच गर भरतो, आणि बहुतेक वाणांमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी तयार होण्याचा मार्गही बंद असतो. हळदीच्या लागवडीतील वाणांबाबतही गुणसूत्रांचा हाच अडसर आहे. थॉम्पसन द्राक्षात मीलन होते, पण बी सुरुवातीलाच खुंटते. वाढणारे बी मणी फुगवण्यासाठी जिबरेलिन हे संप्रेरक पुरवत असते, आणि बी खुंटल्यामुळे पडलेली ही उणीव भरून काढण्यासाठी नाशिक-सांगलीचे बागायतदार घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. भाताची रोपे विलक्षण उंच होऊन कोलमडण्याचा एक बुरशीजन्य रोग जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा अभ्यासत होते, त्या अभ्यासातून १९२६ साली या द्रव्याचा माग लागला होता. एकाच वेलीच्या डोळ्यांवरून चालणाऱ्या या वंशातही कधीतरी एखाद्या डोळ्यात वारसा बदलतो, आणि थॉम्पसनवरून निवडलेले तास-ए-गणेश हे वाण असे वेगळेपण टिपणाऱ्या नजरेमुळे मिळाले.

एकाच देहाच्या लाखो प्रतींचा धोकाही तितकाच खरा आहे. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल या एकाच केळीवर उभ्या असलेल्या बागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा रोगाने मोडून काढल्या, कारण जी बुरशी एका झाडाला मारते ती सर्वांनाच मारते. डाळिंबाचा तेल्या रोग बाधित झाडावरून केलेल्या गुटीबरोबर नव्या बागेत जातो. याउलट सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी चवेणी, म्हणजे रानकेळ, मुनवे देत नाही. ती बियांनीच वाढते, एकदा फळते आणि मरते, आणि तिची प्रत्येक पिढी वारशाची नवी जुळणी असते.

बी हा प्रवासाचा आणि वाट पाहण्याचाही प्रकार आहे. टाकळ्याचे कठीण कवचाचे बी उन्हाळे सोसून पहिल्या पावसात उगवते, आणि इस्रायलमध्ये मसादा येथे उत्खननात सापडलेले सुमारे २००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ साली रुजले. आंबा, फणस आणि जांभूळ यांचे बी मात्र वाळले की मरते, कारण ते पावसाच्या तोंडावर पिकून लगेच रुजण्यासाठी घडलेले आहे. फळीवर ठेवून दिलेली कोय पुढच्या वर्षी उगवत नाही ती यामुळे. खाडीच्या चिखलातील कांदळाने तर थांबण्याचा टप्पाच काढून टाकला आहे, त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा कोंब पुरेसा वाढल्यावर खाली सुटतो.

फुलण्याची वेळ झाडाला कशी कळते, हा प्रश्न या सर्वांत अवघड आहे. गार्नर आणि अॅलर्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवले की अनेक झाडे दिवसाच्या लांबीनुसार फुलतात. नंतरच्या प्रयोगांत झाड प्रत्यक्षात अखंड रात्र मोजते असे आढळले, आणि म्हणून शेवंतीचे उत्पादक रात्री दिवे लावून फुले लांबवतात व काळ्या कापडाने झाकून ती लवकर आणतात. कांद्याला थंडीची ठरावीक मात्रा मिळाली की तो डेंगळे धरतो, आणि त्याचा पोसण्याचा काळ फुलण्यात खर्ची पडतो. कारवीचे जंगल सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी टाकते आणि वाळते. मिझोरममधील मौताक बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. १९५९च्या सुमाराला त्याच्या बियांवर उंदीर माजले आणि मग त्यांनी शेतांकडे मोर्चा वळवल्याने दुष्काळ पडला, आणि २००७च्या आसपास ती वेळ पुन्हा आली. एकाच वंशाचे बांबू दूरवर नेऊन लावले तरी ते साधारण एकाच सुमारास फुलतात असे आढळले आहे, म्हणजे ही गणना हवामानावर सोडलेली नसून झाडाच्या पेशींतच कोठेतरी चालते. शेंड्यातील ज्या विभाजी ऊती दर वर्षी फक्त पाने आणि पेरे घडवत असतात, त्या एका वर्षी सर्वत्र एकदम फुले घडवू लागतात, आणि तो हिशेब पेशींत कशा रीतीने राखला जातो याचा शोध अजून चालू आहे.